तोत्तोरी तेवढं राहिलं

तोयामा शहराच्या सांडपाणी खात्यात छत्तीस वर्षं काढून कुसाकाबे तेरुओ निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या जेवणात साहेबांनी विचारलं, "आता पुढं काय, कुसाकाबेसान?"

कुसाकाबे म्हणाले, "तोत्तोरी."

लोकांना वाटलं, गृहस्थ तिकडं घर घेऊन खेकडे खात राहणार. मग त्यांच्या पत्नीला, फुसाएबाईंना, दर वेळी खुलासा करावा लागे. "जायचं कुठं नाहीये हो त्यांना. नुसतं बोलायचंय."

गोष्ट अशी, की कुसाकाबे हौशी बिनतारीवाले. म्हणजे घरात यंत्र घेऊन बसायचं आणि कुठल्या तरी अनोळखी माणसाला "माझा आवाज तुम्हाला कसा येतोय?" असं विचारायचं. त्यानं "छान येतोय" म्हटलं की "तुमचाही छान येतोय" म्हणून निरोप घ्यायचा. यापलीकडे बोलायचं काही नसतं. लग्नानंतर आम्ही दोघं एवढंसुद्धा बोलत नाही, असं फुसाएबाईंचं म्हणणं. पण देशात असे लाखो लोक आहेत आणि त्यांचा एक राष्ट्रीय संघ आहे. कुसाकाबे या संघाचे एकतीस वर्षांचे सभासद. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस प्रांतांशी बोललेल्या सभासदाला संघ सोनेरी काठाचं प्रशस्तिपत्र देतो. ते लावायला कुसाकाबेंनी भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. सेहेचाळीस प्रांत झाले होते. तोत्तोरी तेवढं राहिलं होतं.

तोत्तोरीत मुळात माणसं कमी. त्यात बिनतारीवाले कमी. त्यात कुसाकाबेंचं यंत्र चालू असताना ज्यांचं चालू असेल असे तर बोटांवर मोजण्याइतके. तरी अकरा वर्षांपूर्वी, जुन्या घरी असताना, एका रविवारी तोत्तोरीचा एक आवाज लागला होता. कुसाकाबेंनी आपलं संकेतनाव, म्हणजे परवान्यावरची अक्षरं नि आकडे, सांगायला घेतलं. अर्धं झालं, आणि नेमका त्याच क्षणी फुसाएबाईंनी पलीकडच्या खोलीत व्हॅक्यूम क्लीनर लावला. घर्रर्र! तो थांबेपर्यंत तोत्तोरी गेलं ते गेलंच. त्यानंतर कुसाकाबे बायकोशी तीन दिवस बोलले नाहीत. फुसाएबाईंच्या हे लक्षात आलं नाही.

असो. निवृत्तीनंतर जुनं घर विकून दोघं 'कोगाने हाइट्स'मध्ये राहायला आली. पाच मजले, अठ्ठावीस बिऱ्हाडं, आणि नियमांची छत्तीस पानी पुस्तिका. वाळत घातलेली गादी कठड्यावर टाकायची नाही, पाळीव प्राणी ठेवायचे नाहीत, आणि गॅलरी ही आपली असली तरी आपली नाही, ती सगळ्यांची. तिथं अँटेनाचा खांब उभारायचा, तर व्यवस्थापन मंडळाची परवानगी हवी. मंडळाचे अध्यक्ष वाकुइ. निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना नाही म्हणता येत नसे आणि हो म्हणायची तर भीती वाटे.

"खांब म्हणता," वाकुइ म्हणाले. "हं. खांब. मागं कुणी तरी मदत करणारं आहे का तुमच्या? एखादी संस्था वगैरे?"

"राष्ट्रीय संघ आहे ना!"

"हो का? तो नक्की करतो काय?"

हा प्रश्न कुसाकाबेंना गेली एकतीस वर्षं लोक विचारत आले होते. ते घरी आले आणि त्यांनी संघाला सविस्तर पत्र लिहिलं. आपण माझ्या मंडळाला चार ओळी लिहाव्यात. संघाचं उत्तर सहा आठवड्यांनी आलं. अशी पत्रं देणं संघाच्या भूमिकेत बसत नाही, मात्र संघाची भूमिका समजावून सांगणारी पुस्तिका सोबत जोडली आहे. पुस्तिकेत चौदा कलमं होती. पहिल्या आठांत संघ सरकारशी बोलत होता, परदेशाशी बोलत होता, लहरींवर डोळ्यांत तेल घालून पहारा देत होता. पत्त्यानिशी कार्डं इकडून तिकडं पोचवणं हेही त्यात होतं, कारण या जमातीत नुसतं बोलून भागत नाही, बोलल्याचं कार्ड लागतं. सभासदानं स्वतः करायचं असं काही फक्त नवव्या कलमात होतं: खांब उभारण्यापूर्वी शेजाऱ्यांना भेटून संभाव्य त्रासाबद्दल आगाऊ दिलगिरी व्यक्त करावी.

उरलेली पाच कलमं पहिल्या आठांतलीच पुन्हा लिहिली होती.

वाकुइंनी पुस्तिका दोनदा वाचली, नवव्या कलमाखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि म्हणाले, "तीन महिने प्रयोग म्हणून लावा. मग सर्वसाधारण सभा ठरवील." मुख्याध्यापकी डोकं. निर्णय न घेता निर्णय कसा द्यावा, हे अशा माणसाकडून शिकावं.

आता आगाऊ दिलगिरी म्हणजे काय, तर घरोघर भेट द्यायचा पांढरा टॉवेल, त्यावर कागदी पट्टा, पट्ट्यावर आपलं नाव. सत्तावीस टॉवेल घेऊन कुसाकाबे दारोदार निघाले. साधा माणूस असता तर "थोडा त्रास होईल, सांभाळून घ्या" एवढं म्हणून वाकला असता आणि पुढं गेला असता. पण हे सांडपाणी खात्यातले. तिथला रिवाज असा, की रस्ता खणण्यापूर्वी वास येईल, आवाज येईल, पाणी जाईल, उंदीर निघतील, हे सगळं आधी सांगून ठेवायचं. म्हणजे उंदीर कमी निघाले तर लोक खूश होतात.

"टीव्हीवर रेघा येऊ शकतील," कुसाकाबे प्रत्येक दारात कमरेत वाकून सांगत. "फोनमध्ये घूं होऊ शकेल. न्हाणीघरातल्या गरम पाण्याच्या यंत्रातली बाई 'पाणी तापलं' असं अवेळी सांगू शकेल. क्वचित कमोडचं आपोआप उघडणारं झाकण, कुणी जवळ गेलं नाही तरी उघडू शकेल. फार वाईट वाटतंय मला."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शनिवारी खांब उभा राहिला. रविवारी सकाळी नऊ वाजता दारावरची घंटी वाजली. खालच्या मजल्यावरच्या, ३०३ मधल्या, निवाबाई. गोल चेहरा, गोड आवाज. नवरा ओसाकाला नोकरीला, शनिवार-रविवार घरी.

"राग मानू नका हं, कुसाकाबेसान," बाई म्हणाल्या. "आमच्याकडचं झाकण... तुम्ही म्हणाला होतात ना, अगदी तस्संच. आपोआप! आमचे हे नुसते दचकले."

कुसाकाबेही दचकले. कारण खांब नुसता उभा होता. नव्या यंत्राची मंजुरी सरकारी कचेरीतून अजून आली नव्हती, आणि मंजुरी आल्याशिवाय वायर जोडणं कुसाकाबेंच्या रक्तात नव्हतं. वायरचं टोक प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गॅलरीतल्या बादलीत ठेवलेलं होतं.

"त्याचं काय आहे," ते म्हणाले, "खरं तर अजून—"

"मी यांना म्हटलंच," निवाबाई म्हणाल्या, "कुसाकाबेसान लगेच मान्य करतील. इतका सज्जन माणूस आहे, म्हटलं, की आधीच माफी मागून ठेवलीय!"

आता यावर माणसानं काय बोलावं? वायर जोडलेली नाही म्हणावं, तर बाई खोटारड्या ठरतात, आणि तेही नवरा घरी असताना. कुसाकाबे कमरेत वाकले. "फार वाईट वाटतंय मला," ते म्हणाले.

"अहो, वाईट कसलं वाटतंय?" दार लागल्यावर फुसाएबाई कडाडल्या. "बादलीतल्या वायरनं झाकणं उघडतात का कुणाची? सांगायचं की सरळ!"

"सांगणार होतो. पण त्यांनी कौतुक केलं गं मधेच."

एकदा माफी मागितली की ती गावभर होते. खाई त्याला खवखवे, या न्यायानं कोगाने हाइट्सनं निकाल लावला: ज्या अर्थी हा माणूस माफी मागतो, त्या अर्थी करतो तो हाच. मग काय! कुणाच्या भाताच्या कुकरनं भात कच्चा ठेवला, कुणाच्या आजोबांच्या कानातलं यंत्र शिट्टी मारू लागलं. पाचव्या मजल्यावरच्या ओबांचा गोल्फमधला फटका डावीकडं वळू लागला, आणि तेही शहराबाहेरच्या मैदानावर. लिफ्ट दोनदा तिसऱ्या मजल्यावर थांबली. तिसऱ्याचं बटण दाबलं होतं असं कुणी तरी सांगून पाहिलं, पण त्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. सल्ले तर विचारूच नका. खांबाला चटई गुंडाळा, खांबाशी मीठ ठेवा, खांब रात्रीपुरता आडवा करा.

महिन्याभरात वाकुइ फिरती पाटी घेऊन आले. ही पाटी घरोघर जाते, वाचली की शिक्का मारून पुढच्या दारात ठेवायची. "सगळ्यांचं एकदाच होऊन जाईल," ते म्हणाले. "एक लेखी दिलगिरी लिहून द्या. त्यानं वातावरण निवळतं."

कुसाकाबेंनी सुंदर अक्षरात दिलगिरी लिहिली. पाटी अठ्ठावीस शिक्के घेऊन परत आली. अठ्ठाविसावा त्यांचाच होता, कारण आपली माफी आपणही वाचली पाहिजे, असा नियम होता. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आता वायरचं सांगायची सोयच राहिली नाही. आता सांगितलं, तर सत्तावीस घरं मूर्ख ठरणार, आणि आपण लेखी खोटं बोलणारे.

राहता राहिला संघ. 'तक्रार निवारण' हे सहावं कलम. त्यांनी पत्र लिहिलं, आणि आश्चर्य म्हणजे संघानं माणूस पाठवायचं कबूल केलं. सर्वसाधारण सभेच्याच दिवशी. आणि योगायोग बघा, त्याच सकाळी पोस्टानं सरकारी मंजुरीही आली. लाल शिक्का, तीन प्रती. सभेनं हो म्हटलं, की संध्याकाळी वायर जोडायची. संध्याकाळी तोत्तोरी लागण्याची शक्यता बरी असते.

संघाचे तज्ज्ञ त्सुचिदा एकोणऐंशी वर्षांचे होते. टोपीवर संकेतनाव शिवलेलं, छातीवर पाच बिल्ले, गळ्यात मोजणीचं यंत्र. आल्या आल्या त्यांनी कुसाकाबेंना विचारलं, "किती प्रांत?"

"सेहेचाळीस."

"राहिलं कुठलं?"

"तोत्तोरी."

"अरेरे," त्सुचिदा म्हणाले. त्यांनी टोपी काढली आणि क्षणभर तशीच हातात धरली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी कुसाकाबेंचं दुःख न समजावता समजलं होतं. त्यांचे डोळे भरून आले.

पहिली तपासणी ३०३ मध्ये. निवाबाई शेवटपर्यंत "कशाला उगीच, घर आवरलेलं नाही" म्हणत होत्या. त्सुचिदांनी न्हाणीघरात यंत्र धरलं. काटा शून्यावर. एवढ्यात कमोडचं झाकण, कुणी जवळ नसताना, अगदी अदबीनं उघडलं.

"बघा!" निवाबाई म्हणाल्या.

बघितलं. झाकणासमोर, टोपलीच्या आडून, एक करडं शेपूट चाललं होतं. शेपटामागं कुणी तरी "म्याँव" म्हणालं. निवाबाईंना त्याच क्षणी खोकल्याची एवढी मोठी उबळ आली, की कुसाकाबेंना वाटलं, पाणी आणावं.

सगळा उलगडा झाला. इमारतीत प्राण्यांना बंदी. नवऱ्याला मांजराच्या केसानं शिंका येतात. बाई आठवड्याचे पाच दिवस एकट्या. शनिवारी मांजर टोपलीमागं, आणि झाकण का उघडतं, असं नवऱ्यानं विचारलं की बोट वरच्या मजल्याकडं. बिचाऱ्या बाईला कुसाकाबेंनी टॉवेलासोबत कारणही घरपोच दिलं होतं!

बाईंनी कुसाकाबेंकडं पाहिलं. चेहरा पांढराफटक. कुसाकाबेंनी वर छताकडं पाहिलं. "दमट आहे हो हवा," ते म्हणाले. त्सुचिदांना ऐकू कमीच येत होतं, त्यामुळे ते शून्य लिहिण्यात दंग होते.

सभा तळमजल्यावरच्या खोलीत भरली. त्सुचिदा उभे राहिले. सगळ्या घरांत त्रास शून्य, असं त्यांनी जाहीर केलं. मग चष्मा सारखा करून ते म्हणाले, "आणि असणार कसा? वायरच जोडलेली नाही. ती बादलीत आहे."

कुसाकाबेंना वाटलं, सुटलो. ओशाळलेली तोंडं आता एकेक करून आपल्याकडं वळतील, आणि आपण मोठ्या मनानं म्हणू, "चालायचंच!" हे वाक्य त्यांनी मनातल्या मनात दोनदा म्हणूनही पाहिलं.

तेवढ्यात ओबा उभे राहिले. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "न जोडता एवढं झालं?"

"बाप रे!" कुणी तरी म्हणालं.

"मग जोडल्यावर काय होईल!"

खोलीतून एक शहारा गेला. वाकुइ घाम पुसत म्हणाले, "मुद्दा विचार करण्यासारखा आहे." त्सुचिदांनी समजावायचा प्रयत्न केला, पण त्यांनी सुरुवात लहरींच्या शोधापासून केली, आणि ते पहिल्या शास्त्रज्ञाच्या बालपणात असतानाच मतदान सुरू झालं.

कुसाकाबेंच्या जिभेवर दोन अक्षरं होती. माऊ. एवढंच म्हणायचं. सगळी सभा फिरली असती, खांब राहिला असता, आणि संध्याकाळी तोत्तोरी. शेजारी बसलेल्या फुसाएबाईंना त्यांनी जिन्यातच सगळं सांगितलं होतं. त्या कोपरानं ढोसत होत्या. "बोला की! आता नाही तर कधी?"

कुसाकाबेंनी समोर पाहिलं. निवाबाई मांडीवरचा रुमाल पिळत होत्या. इतका पिळला होता, की त्यातून पाणी निघालं असतं. कुसाकाबे गप्प बसले.

खांबाच्या विरुद्ध कोण, असं वाकुइंनी विचारलं. सगळ्यात आधी जो हात वर गेला, तो निवाबाईंचा होता.

"शाब्बास," फुसाएबाई पुटपुटल्या. "आणखी वाटा टॉवेल."

दुसऱ्या दिवशी खांब उतरला, आणि सुंठीवाचून खोकला गेला. भात शिजू लागला. आजोबांचे कान शांत झाले. ओबांचा फटका सरळ गेला म्हणे. सगळ्यांनी कुसाकाबेंचे आभार मानले. निवाबाईंनी तर ट्राउट माशाची सुशी आणून दिली, बांबूच्या पानात गुंडाळलेली, गोल डब्यातली. फुसाएबाईंनी ती एकटीनं खाल्ली. कुसाकाबेंच्या घशाखाली उतरली नाही.

पण खरा कळस चढवला संघानं. चार महिन्यांनी संघाच्या मासिकात कुसाकाबेंचा फोटो छापून आला, नाव, गाव आणि संकेतनावासकट. मथळा होता: 'शेजारसलोख्याचा आदर्श. संघाच्या भूमिकेचं आणखी एक यश.' खाली लिहिलं होतं, की त्रास शून्य, वाद शून्य, तक्रार कायमची निकालात. सोबत प्रशस्तिपत्र. काठ सोनेरीच, पण मजकूर शेजारधर्माबद्दलचा. वाकुइंनी मासिकाचं ते पान पाटीला लावून फिरवलं. अठ्ठावीस शिक्के आले. फुसाएबाईंनी प्रशस्तिपत्र भिंतीवरच्या त्या खिळ्याला लावलं. "रिकामा खिळा वाईट दिसतो," त्या म्हणाल्या. कुसाकाबेंनी खुर्ची फिरवून त्याच्याकडं पाठ करून बसायला सुरुवात केली.

मग एका शनिवारी साधं पोस्टकार्ड आलं. म्हाताऱ्या, नीटस अक्षरातलं.

'मासिकात आपलं संकेतनाव वाचलं. अकरा वर्षांपूर्वी एका रविवारी मी त्याचा अर्धा भाग ऐकला होता आणि वहीत लिहून ठेवला होता. पुढं घर्रर्र झालं. बोलणं पुरं झालं नाही, म्हणून नियमाप्रमाणं कार्ड पाठवता आलं नाही, क्षमा असावी. उरलेला अर्धा भाग आता मासिकातून कळला. माझे सेहेचाळीस प्रांत झालेत. तोयामा तेवढं राहिलं. मात्र दोन वर्षांपूर्वी आमच्या इमारतीतही संघाचे तज्ज्ञ येऊन तक्रार कायमची निकालात काढून गेले. मासिकात फोटो आला होता. बहुधा आपल्या पाहण्यात नसेल. इनोकुमा, तोत्तोरी.'

खाली फोन नंबर होता.

कुसाकाबेंनी कार्ड तीनदा वाचलं. मग ते फोनपाशी गेले, गुडघे मोडून ताठ बसले आणि त्यांनी नंबर फिरवला. फुसाएबाई व्हॅक्यूम क्लीनर घेऊन येत होत्या. त्यांनी नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि प्लग काढून ठेवला.

"हॅलो, तोत्तोरी," कुसाकाबे म्हणाले, आणि आपलं संकेतनाव सांगितलं. आख्खं. "माझा आवाज आपल्याला कसा येतोय? ओव्हर."

पलीकडे कुणी तरी नाक ओढलं. "छान येतोय, तोयामा," म्हातारा आवाज म्हणाला. "फार छान येतोय. माझा कसा येतोय? ओव्हर."

"छान येतोय. ओव्हर."

यापलीकडे बोलायचं काही नव्हतं. दोघांनी ते पाच वेळा बोलून घेतलं.

अशात दारावरची घंटी वाजली. निवाबाई. मागं, जिन्यात, त्यांचा नवरा, शिंकत. "कुसाकाबेसान!" निवाबाई जरा जास्तच मोठ्यानं म्हणाल्या. "राग मानू नका हं! आमचं झाकण परत उघडलं! तुम्ही ते काही... परत लावलंत का?" आणि डोळ्यांनी अशी विनवणी चालवली होती, की बघवत नव्हतं.

कुसाकाबेंच्या हातात फोन होता, साधा, घरातला. कमरेत वाकायची सवय म्हणून पाठ किंचित हलली. पण ती वाकली नाही.

"हो," ते म्हणाले. "मीच. तोत्तोरीशी बोलत होतो."

"तोत्तोरीशी?" नवऱ्यानं शिंक अर्धीच सोडली. "एवढ्या लांब?"

"सरळ तोत्तोरी," कुसाकाबे म्हणाले. "आवाज छान येतो. आता दर शनिवारी बोलणार आहे, आणि रविवारीसुद्धा. झाकण उघडेल. सवय करून घ्या."

आणि फोन कानाला लावून त्यांनी दार लावून घेतलं. माफी मागायची ते विसरले, आणि या वेळी फुसाएबाईंनीही आठवण केली नाही.